वसईचा फ्रान्सिस्कन मठ : तो कसा होता आणि कशाने पडला

तुम्ही सातवीच्या मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेला होतात आणि फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या भिंतींपाशी मुलांनी तुम्हाला तीन प्रश्न विचारले. ही शाळा होती की चर्च? हे मराठ्यांनी तोफा लावून पाडलं का? आणि जमिनीवरच्या दगडांवर काय लिहिलंय? तिन्ही प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली आहेत. त्यातला बराच काळ कोकणात आणि गोव्यात गेला, त्यामुळे दगड, चुना आणि लाकूड यांच्या अंगानेच मी बोलणार.

शाळेचा घोळ आपल्या भाषेमुळे झालाय. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते, नाहीतर झग्यातल्या सिस्टर. पोर्तुगीजांच्या लेखी कॉन्व्हेंट म्हणजे व्रतस्थ माणसांनी एकत्र राहण्याची जागा, मग ती पुरुषांची असो की बायकांची. वसईतली ही जागा पुरुषांची होती. मराठीत ‘मठ’ हा शब्द तिला अगदी बसतो. इटलीतल्या असिसीच्या फ्रान्सिसने १३व्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या या फ्रान्सिस्कन पंथातले लोक रानात जाऊन दार लावून घेणारे नव्हते. ते गावात राहायचे, भिक्षेवर जगायचे, रस्त्यात आणि चर्चमध्ये प्रवचनं करायचे. मुलांना माधुकरी समजावून सांगितलीत की निम्मं काम होईल. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि त्या दोरीला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. फ्रान्सिस्कन इमारतींवर ही गाठींची दोरी दगडात कोरलेली बरेचदा दिसते.

आता थोडा इतिहास. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं पोर्तुगीजांना दिली. तेव्हा नुनो द कुन्हा गव्हर्नर होता. पुढची दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं राहिलं. आधी खाडीकाठचा छोटा कोट आणि मग त्याच्याभोवती तटबंदीचं आख्खं शहर, असा तो वाढत गेला. या शहरात ख्रिस्ती साधूंचे पंथ आले, जेझुइट आले, डोमिनिकन आले, ऑगस्टिनियन आले, आणि प्रत्येकाने आपापलं चर्च आणि मठ बांधला. फ्रान्सिस्कन हे त्यात सर्वांत आधीच्या मंडळींपैकी. फ्रे अंतोनिओ दो पोर्तो नावाच्या साधूने १५४७-४८ च्या सुमारास इथे मठ उभा केला आणि तो संत अंतोनीच्या नावाने वाहिला. संत अंतोनी हा स्वतः फ्रान्सिस्कन, लिस्बनमध्ये जन्मलेला, त्यामुळे पोर्तुगीजांना घरच्या माणसासारखा. त्याचा सण १३ जूनला येतो, म्हणजे आपल्याकडे पाऊस नुकता लागलेला असतो तेव्हा. हा पाऊस पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

अंतोनिओ दो पोर्तोबद्दल मुलांना अर्धवट सांगू नका. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची लेणी तुम्ही पाहिली असतील. सहाव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी ती, आत नाचणारा शिव आहे. याच माणसाने त्या लेण्याचं चर्च केलं. शिल्पं भिंतींआड गेली, खडकावर मोठा क्रूस कोरला गेला, आणि वर टेकडीवर फ्रान्सिस्कनांचं विद्यालय उभं राहिलं. आज ते विद्यालयही पडकं आहे आणि खालच्या लेण्यात शिव पुन्हा उजेडात आला आहे. कान्हेरीतही त्यांचं येणंजाणं आणि वास्तव्य होतं. वसईतल्या मठाचं सौंदर्य सांगताना हे झाकायचं नाही, आणि हे सांगताना मठाचं सौंदर्यही नाकारायचं नाही. दोन्ही एकाच दगडाच्या दोन बाजू आहेत, आणि सातवीतल्या मुलांना ते समजतं. मोठ्यांनाच कधीकधी जड जातं.

आता इमारतीत शिरू. पडकी इमारत बघताना माझी एक सवय आहे. मी आधी खाली बघत नाही, समोरही बघत नाही. वर बघतो. जिथे आता आकाश दिसतंय तिथे काय होतं, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. संत अंतोनीच्या चर्चमध्ये शिरल्यावर तुम्ही एका लांब, उंच आणि रुंद दालनात उभ्या असता. प्रवचन ऐकायला जमलेल्या लोकांची ही जागा. मधे खांबांची रांग नाही, कारण भिक्षेकरी पंथांना आपला वक्ता सगळ्यांना दिसावा आणि त्याचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचावा असं वाटे. खांब नसले की एवढ्या रुंदीवर दगडी छत घालणं अवघड आणि महाग होतं. म्हणून या दालनावर लाकडी छप्पर होतं: भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, त्यांच्यावर उतरतं लाकूडकाम, वर कौलं. लाकडाला तोटा नव्हता. वसई त्या काळी जहाजबांधणीसाठी आणि लाकडाच्या व्यापारासाठी नावाजलेली होती.

दालनाच्या दोन्ही अंगांना घडीव दगडाच्या उंच कमानी आहेत आणि त्यांच्याआड छोटी छोटी उपासनास्थळं, म्हणजे चॅपेल. त्यांच्यावर मात्र दगडी गोलाकार छत आहे. जागा अरुंद, त्यामुळे कमानीचं छत सहज घालता येतं. समोर, दालनाच्या टोकाला, मुख्य वेदीची जागा. तिथेही उंच कमान. साधूंनी दिवसरात्र ठरावीक वेळी एकत्र प्रार्थना म्हणायची असते, अगदी मध्यरात्रीही. पोर्तुगीज मठांच्या चर्चमध्ये त्यासाठी दारावरच्या बाजूला माडीसारखी एक जागा असे, आणि साधू मठाच्या वरच्या मजल्यावरून थेट तिथे येत. खाली लोक, वर साधूंचा आवाज. वसईत आत आल्यावर मागे वळून दारावरच्या भिंतीकडे बघायला मुलांना सांगा. पडक्या भिंतीत तुळया बसवायच्या खोबणी दिसल्या की तिथे मजला होता असं समजायचं. खोबणी आडव्या ओळीत असेल तर मजला, तिरक्या ओळीत असेल तर छप्पर किंवा जिना. हा साधा नियम कुठल्याही पडक्या वाड्यात लागू पडतो. शनिवारवाड्याच्या भिंतींवरही तो वापरून बघा.

मठाचा राहता भाग चर्चला लागून असतो. तो समजायला परदेशी नकाशा लागत नाही, वाड्याचा चौक पुरतो. मधे उघडा चौक, चारी बाजूंना कमानींची पडवी, पडवीला लागून जेवणाचं दालन, बैठकीचं दालन, स्वयंपाकघर, कोठार, आणि वरच्या मजल्यावर निजायच्या खोल्या. चौकाच्या पडवीतून एकीकडे चर्चमध्ये दार. फरक एवढाच की वाड्याच्या चौकात बायकामुलांची ये-जा असते, इथे चौक शांत राहण्यासाठी असतो. पडवीत फिरत साधू वाचायचे, जप करायचे. वसईत चर्चच्या मानाने हा राहता भाग जास्त ढासळला आहे. खोल्यांच्या भिंती चर्चएवढ्या जाड नसतात आणि मधले मजले लाकडाचे असतात, त्यामुळे लाकूड गेलं की भिंती एकट्या पडतात. तरी मठाचा जुना दगडी जिना बघायला विसरू नका. पायऱ्यांचे दगड किती मोठे आहेत आणि ते भिंतीत किती आत गेलेत, ते हात लावून बघण्यासारखं आहे.

हे सगळं धड अवस्थेत बघायचं असेल तर जुन्या गोव्याला जा. से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. फ्रान्सिस्कनांनी तिथे १५१७ मध्ये छोटी प्रार्थनाघराची वास्तू बांधली, १५२१ मध्ये ती मोठी केली, आणि आजची इमारत १६६१ ची आहे. जुन्या चर्चचं काळ्या दगडाचं कोरीव दार त्यांनी नव्या दर्शनी भिंतीत तसंच ठेवलं, म्हणून पांढऱ्या चुन्याच्या भिंतीत ते एकटं काळं दार लगेच डोळ्यांत भरतं. आत एकच मोठं दालन, दोन्ही बाजूंना चॅपेल, जमिनीत कबरींचे दगड: वसईसारखंच, फक्त छप्पर जागेवर. शेजारच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. एका सहलीत वसई आणि दुसऱ्या सहलीत हे, असं झालं तर मुलांच्या डोक्यात वसईच्या भिंतींवर आपोआप छप्पर चढेल.

गोव्याशी वसईचं आणखी एक नातं आहे, दगडाचं. गोव्यातली जुनी चर्च मुख्यतः जांभ्याची. जांभा चांगला भिंतीचा दगड, पण त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. त्यामुळे कोरीवकामासाठी वसईहून काळा दगड जहाजाने नेला जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागातला दगड वसईकडचाच, असं मानतात. म्हणजे गोव्याची शोभा वसईच्या पाथरवटांनी घडवलेल्या दगडावर उभी आहे, आणि वसईत मात्र आपण तोच दगड तुडवत फिरतो.

जमिनीवरच्या दगडांवर मला जरा रेंगाळायचं आहे. संत अंतोनीच्या चर्चमध्ये बघावं अशी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी कमानी नाही, जमीन निवडेन. तिथे कबरींचे अनेक दगड आहेत, १६व्या आणि १७व्या शतकांतले, पोर्तुगीज अक्षरांचे. जोझे गेर्सन द कुन्हा या मुंबईतल्या विद्वान डॉक्टरांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईवरच्या आपल्या पुस्तकात वसईतले असे बरेच लेख वाचून छापले, म्हणून नंतर झिजलेली अक्षरंही आपल्याला कळतात.

यात एक कोडं आहे आणि ते मुलांना आवडेल. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या साधूंच्या जमिनीत श्रीमंत सरदार का पुरलेले? कारण साधूंना पैशाला हात लावायचा नव्हता, पण चर्च तर बांधायचं होतं. मग गावातल्या सरदार घराण्यांनी एकेक चॅपेल आपल्या खर्चाने बांधून द्यायचं, त्याचा दिवाबत्तीचा खर्च द्यायचा, आणि त्या बदल्यात त्या चॅपेलच्या जमिनीत कुटुंबाला जागा मिळायची. मेल्यावर साधूंच्या प्रार्थनेच्या सावलीत पडून राहावं, ही त्या काळच्या पोर्तुगीजाची मोठी इच्छा. संत फ्रान्सिसच्या झग्यात गुंडाळून पुरावं असंही अनेक जण मृत्युपत्रात लिहीत. म्हणजे या चर्चचा दगड न् दगड भिक्षेतून आलेला आहे, फक्त ती भिक्षा तांदळाच्या मुठीएवढी नव्हती.

लेख वाचायला थोडी किल्ली देतो. सुरुवातीचे शब्द बहुतेक दोनपैकी एक असतात. ‘अकी जाझ’ म्हणजे ‘इथे निजला आहे’. ‘एश्ता सेपुल्तुरा ए द’ म्हणजे ‘ही कबर अमक्याची’. त्यापुढे नाव, मग नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, कधी पद, शेवटी ‘फालेसेउ’ म्हणजे ‘वारला’ किंवा ‘वारली’, आणि तारीख. शेवटी कधीकधी ‘ए द सेउश एर्देइरुश’ असतं: ‘आणि त्याच्या वारसांची’. हे शब्द महत्त्वाचे. त्यांचा अर्थ असा की ही जागा एका माणसाची नाही, घराण्याची आहे. दगड उचलायचा, नवं प्रेत ठेवायचं, दगड पुन्हा बसवायचा. म्हणून काही दगडांवर तारीखच नसते. ती दर पिढीला बदलली असती. नावं आखडून लिहिलेली असतात: फर्नांडिसची दोन-तीनच अक्षरं, नावाआधीच्या दोना किंवा दों या मानाच्या शब्दांसाठी एकच अक्षर. आजच्या लिपीतलं यू हे अक्षर तिथे व्ही सारखं कोरलेलं दिसेल, त्यामुळे घाबरू नका.

आणि कृपा करून त्या दगडांवर कुणी खडूने अक्षरं रंगवू नयेत, पाणी ओतून ब्रशने घासू नये. हौशी लोक हे फार प्रेमाने करतात आणि अक्षराच्या कडा घालवतात. दगड वाचायची वेळ सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची. ऊन तिरकं पडलं की उथळ अक्षराचीही सावली उभी राहते. दुपारी बाराला तोच दगड कोरा दिसतो. ढगाळ दिवस असेल तर एक टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा.

आता मुलांचा मधला प्रश्न. मराठ्यांनी पाडलं का?

१७३९ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. ही लढाई अतिशय रक्तरंजित झाली. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावले, सेबास्तियन बुरूज उडवला, आणि खिंडार पाडून वर चढताना दोन्हीकडची मिळून हजारो माणसं कामी आली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तहानुसार पोर्तुगीजांना आपलं सामान घेऊन सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं, आणि त्यांच्याबरोबर मठांतले साधूही गेले. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या. त्यांतल्या काही आजही आपल्या देवळांत वाजतात: वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात. वेढ्यात गावावर तोफांचा मारा झाला, आणि इमारतींचं नुकसान झालं असणार, यात शंका नाही. पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डनेही वसईवर तोफा डागल्या, ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि पुरावा तिथेच उभा आहे. तोफेचा गोळा निवड करत नाही. तो लाकडी छपरावर पडतो तसा दगडी छतावरही पडतो, आणि जिथे पडतो तिथे भगदाड पाडतो. आता संत अंतोनीच्या चर्चमध्ये काय दिसतं? मोठ्या दालनावरचं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं. बाजूच्या चॅपेलवरची दगडी छतं मात्र अजून टिकून. भिंती बऱ्याच उंचीपर्यंत उभ्या, पण त्यांचे माथे खाल्लेले. म्हणजे लाकूड गेलं, दगड राहिला. हे काम तोफेचं नाही. हे काम ओसाडपणाचं आणि पावसाचं आहे.

छप्पर सुरुवातीपासूनच कमजोर अंग होतं. मठ चालू होता तेव्हाही, मे १६१८ च्या भयंकर वादळात वसईतल्या चर्चची छपरं उडाली होती. पण तेव्हा साधू तिथे राहत होते, देणगी देणारी घराणी गावात होती, सुतार आणि गवंडी होते. छपरं पुन्हा चढली. १७३९ नंतर ते चक्र थांबलं. कौल फुटलं तर बदलणारं कुणी नाही. एक कौल गेलं की वासा भिजतो, वासा कुजला की शेजारची दहा कौलं खाली येतात. सोडून दिलेल्या इमारतीतून सर्वांत आधी लाकूड आणि कौलं जातात, कारण तेच दुसरीकडे उपयोगी पडतं. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. छप्पर नसलेल्या भिंतीच्या माथ्यावर तो सरळ उतरतो. या भिंती आतून सलग दगडाच्या नाहीत. दोन्ही बाजूंना घडीव किंवा अर्धघडीव दगड आणि मधे चुन्यात घातलेले रोडे. माथ्यातून पाणी शिरलं की मधला चुना धुपतो, भिंत आतून पोकळ होते, आणि एक दिवस बाहेरचे दगड पोट सुटल्यासारखे फुगून कोसळतात. पक्ष्यांनी टाकलेलं पिंपळाचं बी त्या भेगेत रुजतं आणि मुळं पाचरीसारखी आत शिरतात. वर १९व्या शतकात किल्ल्याच्या आत उसाची लागवडही झाली. शेत करायचं तर पडके दगड बाजूला सारावेच लागतात.

कुणाला हे पटत नसेल तर जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन चर्चकडे बघा. १६०२ च्या सुमाराला बांधलेलं भलंमोठं चर्च. तिथे कुणी वेढा घातला नाही, सुरुंग लावला नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्वतःच साधूंचे मठ बंद केले आणि चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. आज ४६ मीटर उंचीचा मनोऱ्याचा तुकडा उभा आहे. बांधणाऱ्यांच्याच राजवटीत, शंभर वर्षांत, एकाही गोळ्याशिवाय हे झालं. त्याच काळात असिसीचं चर्च टिकलं ते त्यावर छप्पर राहिलं म्हणून.

याच धाग्यातला एक गैरसमज दूर करून टाकतो, कारण तुमच्या मुलांनीही तो घरी नेला असेल. किल्ल्यातलं दुरुस्त झालेलं, वापरात असलेलं चर्च गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला, आणि फ्रान्सिस्कन. मग हेच फ्रान्सिस्कन चर्च, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते चर्च जेझुइटांचं. गोन्सालो लहानपणी त्यांच्याकडेच शिकला, पुढे जपानला गेला, आणि फिलिपिन्समध्ये मनिलाला तो फ्रान्सिस्कनांत सामील झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्याला इतर साथीदारांबरोबर क्रूसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईच्या फ्रान्सिस्कनांच्या चर्चचं छप्पर उडालेलं, आणि वसईच्या फ्रान्सिस्कन संताचा सण शेजारच्या जेझुइट चर्चमध्ये, हे मला दर वेळी थोडं चटका लावतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की ‘या भिंतींवर सिमेंट मारून त्या पक्क्या का करत नाहीत?’ याचं उत्तर मी एका वाईट अनुभवातून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी कोकणातल्या एका जुन्या प्रार्थनाघराच्या भिंतीत सिमेंटने दरजा भरलेल्या मी पाहिल्या. पहिल्या वर्षी भिंत नव्यासारखी दिसत होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलावा पापुद्र्यांनी सुटला, आणि आतला चुना मुठीत घेतला तर ओल्या मातीसारखा चिकटत होता. चुना श्वास घेतो, म्हणजे आत शिरलेलं पाणी तो हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ते पाणी आत कोंडून ठेवतं. कोंडलेलं पाणी खाऱ्या हवेतलं मीठ घेऊन दगडाच्या कडेने बाहेर पडायची वाट शोधतं आणि जिथून बाहेर पडतं तिथे कड उडवतं. समुद्राकाठी हे आणखी वेगाने होतं.

म्हणून अशा भिंतीला घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी घाण्यात, मळलेला चुनाच लागतो. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजून वापरत. त्यात धुतलेली वाळू, गरजेप्रमाणे सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि चिकटपणासाठी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. तो हळू घट्ट होतो, त्यामुळे ठेकेदाराला घाई असेल तर तो नकोसा वाटतो. पण पडक्या इमारतीत भिंतीला नवी करायचं नसतं. तिचा माथा चुन्याने बंद करायचा, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेर ओघळून जाईल. झाड उपटायचं नाही; उपटलं की मुळाबरोबर भिंत येते. ते कापायचं, बुंधा मारायचा, आणि मूळ कुजल्यावर पोकळीत चुना भरायचा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा यातलं काहीही हौसेने कुणी करायचं नाही. पण कुठे नवी भेग दिसली, कुठे दगड सुटलेला दिसला, तर तारखेसह फोटो काढून विभागाला कळवणं हे कुणीही करू शकतं.

पुढच्या वेळी पावसाळ्यानंतर जा, नोव्हेंबरात. गवत वाळायला लागलेलं असतं, भिंतींच्या पायापर्यंत पोचता येतं आणि सापाची भीती कमी असते. मुलांना पाच-सहा जणांच्या गटांत वाटा. प्रत्येक गटाकडे एक टेप आणि चौकटीचा कागद द्या. एका गटाने मोठ्या दालनाची रुंदी मोजावी, दुसऱ्याने एका चॅपेलची. मग दोन आकडे शेजारी ठेवून विचारा, कुठे दगडी छत घालाल आणि कुठे लाकडी? तिसऱ्या गटाने भिंतीतल्या खोबणींची ओळ काढावी आणि ती आडवी आहे की तिरकी ते सांगावं. चौथ्या गटाला जमीन द्या, पण बूट काढून. दगड झिजतील म्हणून नव्हे; त्यांच्याखाली माणसं आहेत म्हणून. उन्हं कलल्यावर, साडेचार-पाचच्या सुमाराला, त्या गटाला ‘अकी जाझ’ शोधायला सांगा. एका मुलाला सापडलं की बाकीच्यांना पाठोपाठ सापडतं.

रेवदंड्याला कधी गेलात तर किल्ल्यातला सातखणी मनोराही मुलांना दाखवा. तोही फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा आणि मठाचा. मूळ सात मजले, म्हणून सातखणी. वरचे मजले आता नाहीत. तिथेही हाच नियम लावून बघा: काय लाकडाचं होतं, काय दगडाचं, आणि त्यातलं काय राहिलं.